कोर्ट उठेपर्यंत

खेळ शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. खमरियाच्या एका शाळेत मी पी.टी.ची शिक्षिका आहे. माझ्या खो-खोच्या मुली राज्य पातळीपर्यंत गेल्या, दोघी-तिघी त्याच्याही पुढे. तेव्हा जिंकणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, असं मी समजत होते. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मैदानावर झालाच नाही. तो जबलपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या एका लहानशा खोलीत झाला, सकाळी साडेअकराला सुरू होऊन संध्याकाळी पाचपर्यंत चालला, आणि माझ्यासमोर आरोपी म्हणून उभा असलेला माणूसही त्या दिवशी जिंकला.

आधी पाय कसा मोडला ते सांगते.

जानेवारीतली सकाळ होती. धुकं होतं, पण समोरचं दिसू नये एवढं नव्हतं. मी स्कूटीवरून शाळेला चालले होते, रस्त्याच्या डाव्या कडेने. खमरियाच्या अलीकडच्या वळणावर समोरून एक पिकअप ट्रॅक्टरला ओलांडत सरळ माझ्या बाजूला आली. मी ती पाहिली, ब्रेकही दाबला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. हेल्मेट रस्त्यावर घासत गेल्याचा आवाज, कुणीतरी माझी पर्स उचलून छातीवर ठेवली ते, आणि उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला दिसला ते.

ड्रायव्हर पळून गेला नाही. हे मी सगळ्यांना सुरुवातीपासून सांगत आले. पंचेचाळिशीचा, मफलर गुंडाळलेला, सिहोऱ्याकडचा माणूस होता. गाडीत मटार भरलेला होता. रस्त्यावरच्या एका दूधवाल्याच्या मदतीने त्याने मला उचललं आणि मटाराच्या पोत्यांवर आडवं केलं. दूधवाला माझं डोकं धरून मागे बसला आणि ड्रायव्हरने गाडी हॉस्पिटलकडे पळवली. पोती ओलसर होती, त्यांना कच्च्या शेंगांचा गोड वास होता. दुखणं तर असं होतं की श्वास घेववत नव्हता. तरी तिथे पडल्यापडल्या माझ्या मनात त्या माणसाबद्दल राग नव्हता. चूक झाली त्याच्या हातून, आणि तो निस्तरतो आहे, एवढंच वाटत होतं.

माझे मिस्टर तेव्हा फॅक्टरीत नोकरीला होते. निरोप मिळताच ते हॉस्पिटलमध्ये धावत आले. कॉरिडॉरमध्ये तो ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. यांनी विचारलं, कुणी ठोकलं? तो म्हणाला, हमसे लगी. यांनी त्याच्या थोबाडीत मारली. मी स्ट्रेचरवरून तो आवाज ऐकला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. रॉड घातला. चार महिने मी पलंगावर होते, मग वॉकर, मग काठी. त्या चार महिन्यांत यांनी माझं सगळं केलं. स्वयंपाक शिकले. माझी वेणी घालायला शिकले, तीही वाकडी का होईना. बेडपॅन दिलं, काढलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण त्या ड्रायव्हरचं नाव निघालं की त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

पोलीस केस आपोआपच झाली होती. नुकसानभरपाईचं काम विम्याच्या कोर्टात वेगळं चाललं, त्याच्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही. ही गोष्ट फौजदारी खटल्याची आहे. त्यात दोन आरोप होते. एक, बेदरकारपणे गाडी चालवल्याचा. दुसरा, त्यामुळे मला गंभीर दुखापत झाल्याचा. या दोन आरोपांमधला फरक तेव्हा मला कळत नव्हता. तो पुढे कळला, आणि चांगलाच कळला.

वर्षभराने माझी साक्ष लागली. काठी टेकत मी साक्षीदाराच्या जागी जाऊन उभी राहिले आणि झालं ते सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर होते, बोलणं अगदी मऊ. प्रत्येक वाक्याच्या आधी 'मैडम' म्हणायचे. त्यांनी विचारलं की त्या वेळी माझ्या मोबाइलवर मिस्टरांचा फोन आला होता की नाही. आला होता. मी डबा विसरले होते म्हणून यांनी केला होता. मी तो उचलला नव्हता, मला वाजलेलाही कळला नव्हता. वकील म्हणाले, म्हणजे तुम्ही पर्समध्ये फोन शोधत होता, आणि शोधता शोधता तुमची गाडी रस्त्याच्या मधोमध आली. मी नाही म्हटलं. त्यांनी तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. माझा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो, पण त्या दिवशी तिसरं 'नाही' माझं मलाच ऐकू आलं नाही.

तो ड्रायव्हर सहा हातांवर उभा होता. मान खाली. त्याला माहीत होतं. त्या वळणावर काय झालं हे या जगात दोनच माणसांना पक्कं माहीत होतं, एक मी आणि एक तो. आणि तो गप्प होता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. पाय मोडला तेव्हा आला नव्हता तेवढा. आठवड्याभरात शाळेतही कुजबूज पोचली. स्टाफरूममध्ये एकीने अगदी मायेने मला सांगितलं की गाडी चालवताना फोन बंदच ठेवावा. यांना तर ते सगळं फारच लागलं. आपण डब्यासाठी फोन केला नसता तर, असं ते एकदाच बोलले. पण त्यानंतर मी घराबाहेर असताना त्यांनी मला फोन करणंच सोडलं.

काही महिन्यांनी लोकअदालतीची तारीख आली. त्याच्या आधी ते वकील एक टाइप केलेला कागद घेऊन आमच्या घरी आले. त्यावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'राजीनामा'. आमच्या इकडच्या कोर्टात तडजोडीला राजीनामा म्हणतात. आमच्या घरात मात्र मराठी, आणि मराठीत त्याचा अर्थ वेगळा. वकील गेल्यावर हे म्हणाले, "तू कोणती नोकरी सोडून राहिली?" कित्येक दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

वकिलांचं म्हणणं असं की दुखापतीचा आरोप माझ्या सहीने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटू शकतो. गरीब माणूस आहे, घरात तो एकटाच कमावणारा आहे. क्षमा करणारा मोठा असतो, क्षमेला अटी नसतात, असंही ते बोलले. मी कागद दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की अमुक दिवशी दुर्घटना घडली आणि आता दोन्ही पक्षांमध्ये कोणताही वाद उरलेला नाही. दुर्घटना घडली. पाऊस पडला, धुकं आलं, तशी घडली. कुणी घडवली ते त्यात कुठेच नव्हतं. मी वकिलांना म्हटलं की माझी माफ करायला ना नाही, पण काय माफ करायचं आणि कुणाला, ते आधी या कागदात येऊ द्या. ते म्हणाले, तेवढं सोडून बोला. त्याने एक शब्द कबूल केला तर बेदरकारपणाचा आरोप त्याच्या गळ्यात पडेल, तो काही तुमच्या सहीने मिटत नाही. म्हणून मीच त्याला पहिल्या दिवसापासून तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे.

मी सही केली नाही.

लोकांनी मला हट्टी म्हटलं. एरवी मऊ बोलणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईसुद्धा म्हणाल्या की एवढं ताणू नये. पण मी ताणत नव्हते. त्याला तुरुंगात पाठवावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मी माझ्या बाजूने चालले होते, एवढं एक वाक्य मला हवं होतं, आणि ते ज्याला माहीत होतं त्याच्याच तोंडून हवं होतं. ते न मिळता माफी दिली असती तर मीही त्या खोट्यावर सही केल्यासारखं झालं असतं.

एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर मी मैदानावर चुन्याच्या रेषा आखून घेत होते. फाटकाशी एक माणूस उभा दिसला. मफलर नव्हता म्हणून आधी ओळखलं नाही. तो जवळ आला आणि पाच-सहा पावलांवर थांबला. वकिलाने भेटायला मनाई केली आहे, न सांगता आलो, असं त्याने आधीच सांगितलं. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

मग म्हणाला, "मैडम, उस दिन आपसे जो पूछा गया, वो हमने नहीं कहा था पूछने को."

मी म्हटलं, "लेकिन आप वहीं खड़े थे."

त्याने चुन्याच्या रेषेकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाँ. खड़े थे."

मला आजही वाटतं की सगळं तिथेच फिरलं. तो 'पण' म्हणाला नाही. गरिबी, धुकं, वकील, यांतलं काहीही त्याने पुढे केलं नाही. त्यानंतर तो बोलत गेला. मंडीत पोचायला उशीर होत होता, ट्रॅक्टर सरकत नव्हता, वळणावर ओलांडू नये हे माहीत असून त्याने ओलांडलं. त्या दिवसापासून त्याने पिकअपला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात होता. घरी बायकोने विचारलं होतं की त्या बाईंची खरंच चूक होती का, आणि तो तिच्याशीही खोटं बोलला होता.

मी त्याला सांगितलं की हे सगळं कोर्टात बोल. बोललास तर मी माझ्या पायाची माफी देईन, हा माझा शब्द. पण कोर्ट तुला काय करील ते मला माहीत नाही, त्याबद्दल मी तुला काहीही वचन देत नाही. त्याने हात जोडले आणि फाटकाकडे चालत गेला.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तू काहून त्याला माफ करून राहिली? पाय तुझा मोडला, पण माझं काय झालं ते कोणी विचारलं का?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. कागदावर जखमी मी एकटीच. हा माणूस चार महिने माझ्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून झोपला, माझ्या कण्हण्याबरोबर उठला, एका न उचललेल्या फोनचं ओझं घेऊन फिरला, त्याच्या जखमेला कायद्यात कलम नव्हतं. त्याच्या माफीला कुठे सहीची जागा नव्हती. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या वाटची माफी मी देणार नाही. ती तुमची आहे, तुमच्यापाशी राहू द्या. मी फक्त माझ्या पायाची देईन." कोर्टाच्या पुढच्या तारखेला ते रजा टाकून माझ्याबरोबर आले.

कोर्टाची ती खोली पहिल्या मजल्यावर. न्यायाधीश बाई इतक्या तरुण होत्या की माझी एखादी जुनी विद्यार्थिनी शोभली असती. वकिलांनी तोच राजीनाम्याचा कागद पुढे केला. बाईंनी यांना आणि इतरांना मागे व्हायला सांगितलं आणि मला एकटीला जवळ बोलावून विचारलं की कुणाचा दबाव आहे का, धमकी आहे का, काही आमिष आहे का. मी नाही म्हटलं. मग म्हटलं की मला माफ करायचं आहे, पण त्याआधी आरोपीला काही बोलायचं असेल तर ते मला ऐकायचं आहे. वकील लगेच उठले आणि याची काही गरज नाही म्हणाले.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. मला नीट समजावून सांगितलं, आणि त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "पैर आपका है मैडम, उसकी माफ़ी आप दे सकती हैं. सड़क आपकी नहीं है. सड़क पर सब चलते हैं, उसकी माफ़ी न आप दे सकती हैं, न मैं."

इतकी वर्षं शिक्षिका आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं मोठं काही मला कुणी शिकवलं नव्हतं. कायद्यात क्षमेला जागा आहे, पण तिची एक हद्द आहे, आणि ती हद्द कुणाचा तरी कोतेपणा म्हणून आखलेली नाही. मी मोठ्या मनाने सगळ्यांच्या वतीने माफ करून टाकलं असतं, तर उद्या त्याच वळणावरून शाळेला जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हक्काचं ते मी वाटून टाकलं असतं.

बाई मग ड्रायव्हरकडे वळल्या. सांगितलं की तुम्हाला बोलण्याची सक्ती नाही, आणि जे बोलाल त्यावरून शिक्षा होऊ शकते. वकिलांनी त्याची बाही ओढली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली ती बाही ताणलेली. त्याने हलकेच हात सोडवून घेतला.

"गलती हमारी थी," तो म्हणाला. "मैडम अपनी साइड में थीं. फोन-वोन कुछ नहीं था. हम गलत साइड में घुसे."

बाईंनी विचारलं, विचार करून बोलता आहात ना? तो म्हणाला, दो साल से सोच ही रहे हैं. मग त्याने न्यायाधीशांकडे पाठ होणार नाही इतपत वळून माझ्याकडे पाहिलं. साक्षीच्या दिवसापासून प्रथमच त्याने मान वर केली होती. म्हणाला, "मैडम, उस दिन हमको बोलना था. नहीं बोले. माफ कर दीजिए."

त्याने पायाची माफी मागितली नाही. गप्प राहिल्याची मागितली. माझा कोणता घाव खोल आहे हे त्या माणसाला कळलं होतं.

"माफ़ किया," मी म्हटलं. माझा मैदानी आवाज त्या दिवशी पुरता परत आला होता. दाराबाहेर बसलेले लोक वळून बघायला लागले, टाइप करणाऱ्या बाबूचे हात थांबले. मला वाटलं माझ्या छातीवरून कुणीतरी ट्रॅक्टर काढून नेला. मग मी सही केली.

बाईंनी निकाल लिहवून घेतला. दुखापतीचा आरोप राजीनाम्याने संपला. बेदरकार चालवण्याचा आरोप त्याने कबूल केला म्हणून त्यात तो दोषी. पहिलाच गुन्हा, पळून न जाता जखमीला स्वतः दवाखान्यात नेलं, स्वतःहून खरं सांगितलं. म्हणून काही दंड, आणि न्यायालय उठेपर्यंतची कैद. वकिलांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांनीच मग मला सांगितलं की याचा अर्थ तुरुंग नाही. आज कोर्टाचं काम संपेपर्यंत त्याने या खोलीतून हलायचं नाही, मागच्या बाकावर बसून राहायचं, एवढीच शिक्षा.

आम्ही मोकळे होतो. हे म्हणाले, चल. मी म्हटलं, मी थांबते. काहून, असं त्यांनी विचारलं. मी एवढंच म्हटलं की दोन वर्षं तो आणि मी या केसमध्ये होतो, संपताना तो एकटा कशाला? मी जाऊन त्या मागच्या बाकावर बसले, त्याच्यापासून एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. हे थोडा वेळ दारात उभे राहिले. मग आले आणि त्या मधल्या जागेत बसले.

सबंध दिवस आम्ही तिघं तिथे बसून होतो. समोर माणसं येत होती. भावाभावांचं भांडण, बांधावरची मारामारी, कुणी कुणाला दिलेल्या शिव्या. कुणी तडजोडीला तयार, कुणी नाही. दोन भाऊ तर सही करून दाराबाहेर पडताच पुन्हा भांडले, ते खोलीत ऐकू आलं आणि सगळे हसले. मी इतक्या जवळून कोर्ट कधी पाहिलं नव्हतं. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकावं म्हणून माणसं किती लांबून येतात.

मधल्या सुट्टीत बाई आत गेल्या. त्याला बाहेर जायची मुभा नव्हती. मी डबा आणला होता, पोळ्या आणि कोबीची भाजी. तो नको म्हणत होता. यांनी डब्याचं झाकण उलटं करून त्यात दोन पोळ्या ठेवल्या आणि त्याच्यापुढे धरल्या. पहाऱ्यावरच्या शिपायाने खिडकीबाहेर बघणं पसंत केलं. खाऊन झाल्यावर हे समोर बघतच म्हणाले, "भैया, मैंने उस दिन आपको मारा था. वो गलत था." तो म्हणाला, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. हे म्हणाले, तरीही. त्या थपडेची कुठल्याच कागदावर नोंद नव्हती, तिच्यासाठी कुणी समन्स काढलं नव्हतं. आणि यांच्या चेहऱ्यावरचा तो दगड मी माझ्या डोळ्यांसमोर विरघळताना पाहिला. त्यांनी त्याला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही.

पाच वाजता न्यायाधीश बाई उठल्या. सगळे उभे राहिले, आम्हीही. जाताना त्यांनी एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. शिपाई म्हणाला, जाओ, हो गया. ड्रायव्हर दोन पावलं चालला आणि दारातच थांबला, खरंच जाऊ का, अशा चेहऱ्याने. मी म्हटलं, चलिए.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय न टेकता सरळ उतरते आहे. काठी हातात होती, पण टेकत नव्हते. डॉक्टर कधीचे सांगत होते की हाड पूर्ण जुळलं आहे, आता तुमच्या मनाचंच राहिलं आहे. खाली गेटपाशी पोचले तेव्हा मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, अंतिम सामना जिंकल्यावर मुली ओरडतात तसं. ओरडले नाही, पण हे माझ्याकडे बघून हसत होते म्हणजे चेहऱ्यावर दिसत असावं. त्याला सिहोऱ्याची बस पकडायची होती. हे म्हणाले, मी याला स्टँडवर सोडून येतो, तू ऑटोने जाशील का एकटी? मी गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा एकटी, आणि सगळा रस्ता डोळे उघडे ठेवून; एरवी समोरून गाडी आली की मी डोळे मिटून घ्यायची.

पंधरा दिवसांनी निकालाची नक्कल मिळाली. हिंदीत दीड पान. त्यात एक ओळ आहे की जखमी महिला आपल्या योग्य बाजूने जात होती. त्यावर न्यायालयाचा शिक्का आहे. मी तो कागद स्टाफरूममध्ये नेला आणि ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. फोन बंद ठेवायला सांगणाऱ्या बाई उठून माझ्यापाशी आल्या आणि चुकलं म्हणाल्या. त्या सगळ्या आठवड्यात मी हवेत चालत होते.

ड्रायव्हरने सहा-आठ महिन्यांनी पुन्हा गाडी हातात घेतली. आता एका शाळेची बस चालवतो. ती नोकरी मागायला गेला तेव्हा त्याने आपल्या शिक्षेचं स्वतःच सांगून टाकलं. फोनवर मला म्हणाला, लपवायचं काही उरलंच नाही, हे फार हलकं वाटतं.

आणि मी? पूर्वी मैदानावर दोन मुलं भांडली की मी शिट्टी मारून दोघांना समोरासमोर उभं करायची आणि 'सॉरी बोलो' म्हणायची. अर्ध्या मिनिटात निकाल. आता आधी विचारते, काय झालं ते सांग. खरं बाहेर यायला कधी कधी अख्खा तास जातो, खेळाचा तास बुडतो, मुख्याध्यापिका नाराज होतात. होऊ द्या.

गेल्या हिवाळ्यात एका आंतरशालेय सामन्यात ठरलेले पंच आले नाहीत, म्हणून मी पंच झाले. शेवटच्या मिनिटाला मी सिहोऱ्याच्या संघातल्या एका मुलीला रेषेबाहेर गेली म्हणून बाद दिलं. शिट्टी वाजली, आमच्याच शाळेचा संघ जिंकला, आमच्या मुली नाचायला लागल्या. ती मुलगी चुन्याच्या रेषेकडे बोट दाखवत उभी राहिली. मी जाऊन पाहिलं. तिच्या पावलाचा ठसा आतच होता. मी माइक मागून घेतला आणि सबंध मैदानासमोर सांगितलं की चूक माझी आहे, ही मुलगी बाद नव्हती. सामना तिथून पुन्हा सुरू झाला आणि आम्ही एका गुणाने हरलो. आमच्या मुली रडल्या, आमचे लोक माझ्यावर चिडले. बक्षीस घेऊन परत जाताना ती मुलगी माझ्यासमोर थांबली. मी तिला म्हटलं की मला माफ कर. तिने एक क्षण विचार केला, मोठ्या माणसासारखा, आणि म्हणाली, "ठीक है मैडम, किया." मग ट्रॉफी डोक्यावर धरून ती आपल्या मैत्रिणींमागे धावत सुटली.